जुन्या बोरखळीची बोली

१४ जून १९७१, सोमवार

आज रुजू झालो. वर्गाचे नाव आदेशात 'परभाषिक मजुरांच्या मुलांसाठी भाषावर्ग' असे आहे. जिल्हा परिषदेने हा प्रयोग एका वर्षापुरता मंजूर केला आहे. धरणावर दगड फोडायला आंध्रातल्या पालमूरकडून आलेली कुटुंबे वरच्या माळावर झोपड्या घालून राहतात. त्यांची भाषा तेलुगू. मुलांना मराठी शिकवून पुढे नेहमीच्या शाळेत बसवायचे आणि त्यांच्या आईबापांनाही शाळेची गोडी लावायची, असे माझे काम.

मला तेलुगूचा एक शब्द येत नाही. मी मॅट्रिकला तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा इंग्रजीत गेलो. नव्या बोरखळीचे राधाकृष्ण मास्तर माझ्यावर देखरेख ठेवणार आहेत. ते म्हणाले, "गोरक्षनाथ, तुझी निवड झाली असं समजू नकोस. तिथं जायला दुसरा कोणी तयार नव्हता."

का तयार नव्हता ते आज पाहिले. शाळा जुन्या बोरखळीत आहे. हे गाव धरणात जाणार म्हणून गेल्या हिवाळ्यातच हलवले. लोकांनी जाताना तुळया, दारे, पत्रे सगळे नेले. आता नुसत्या भिंती उभ्या आहेत, वरून उघड्या. शाळेवर तेवढे छप्पर आहे, कारण ते सरकारी. वर्गाच्या खिडकीतून सगळे गाव दिसते. कुठे कुत्रेसुद्धा नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला विस्तार अधिकारी मुलांची परीक्षा घेतील. मुले मराठी बोलली तर वर्ग राहील, नाही तर बंद. मग मीही परत नेवाशाला, काकांच्या दुकानात.

१७ जून

मुले येतात, बसतात, बोलत नाहीत. आदेशात लिहिले आहे की वर्गात घरची भाषा बोलू द्यायची नाही. त्यामुळे ती तोंड मिटून माझ्याकडे पाहतात. मी 'हे कमळ आहे' म्हणतो. कमळ त्यांनी पाहिलेले नाही, मीही चित्रातच पाहिले आहे. इंग्रजीच्या तासाला माझेही तोंड असेच मिटायचे. जीभ टाळ्याला चिकटायची आणि गुरुजी म्हणायचे, हा मुका आहे का. मी यांना तसे म्हणत नाही. पण मनात येते.

२३ जून

संध्याकाळी झोपड्यांपाशी पालकसभा घेतली. हातोडे बाजूला ठेवून सगळे आले, दमलेले होते तरी आले. मी अर्धा तास बोललो. मुलांना रोज पाठवा, अंघोळ घालून पाठवा, घरी दोन शब्द मराठीचे बोला. प्रत्येक वाक्याला सगळे "हो, हो" म्हणाले. मला फार बरे वाटले.

त्यांच्यातल्या नरसम्मा नावाच्या बाईला मोडके मराठी येते. ती पूर्वी कोपरगावकडे कारखान्याच्या बांधकामावर होती. सभा संपल्यावर ती हसत म्हणाली, "गुरुजी, तू बोलतो, आमी हो म्हणतो. हो म्हटला का तू जातो. मग आमी भाकर करतो."

"म्हणजे तुम्हाला काहीच कळलं नाही?"

"हो," ती म्हणाली, आणि बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

ती मला तू म्हणते. तिला तुम्ही हा शब्द माहीत नसावा.

३० जून

नरसम्माची मुलगी सायम्मा आज बोलली. आठ वर्षांची असेल. मी फळा पुसत होतो. ती खिडकीपाशी उभी राहून एका पडक्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "गुरुजी, थितं सुताराचं घर हुतं. त्याची लेक बेलापुरात दिली. लई रडली जाताना."

मला वाटले माझे कान वाजले. ते मराठी माझे नाही. मी 'होते' शिकवतो. मग दुसऱ्या मुलाने दुसरी भिंत दाखवली. हा तेल्याचा घाणा, ही भीमाबाईची पडवी, इथे बैल मेला होता. सगळी मुले एकदम बोलू लागली, अगदी या गावात जन्मल्यासारखी. ही मुले इथे येण्याआधीच गाव उठले होते.

"कोणी सांगितलं हे?"

"आज्जीनं," सायम्मा म्हणाली, आणि बाकीची एकदम गप्प झाली.

२ जुलै

नरसम्माला विचारले, तुमच्या घरात आजी आहे का. तिने हात लांब करून पूर्वेकडे दाखवला. आजी पालमूरला.

मग राधाकृष्ण मास्तरांना सांगितले. ते आधी हसले. मी मुलांचे बोलणे जसेच्या तसे करून दाखवले. सायम्मा वाक्य संपले की "आयकतूस न्हवं?" असे मान वाकडी करून म्हणते, तेही करून दाखवले. मास्तरांच्या हातातला चहा तसाच राहिला.

"ही राहीबाईची ढब," ते म्हणाले. "आसारामची आई. सगळ्या गावाला अशीच विचारायची, आयकतूस न्हवं."

"त्या कुठं असतात?"

"असायच्या कुठं? गेल्या. गाव उठलं तेव्हाच. दहाव्याला मी स्वतः नदीवर होतो. पिंडाला कावळा शिवला नाही. आसारामनं हात जोडून काय काय कबूल केलं, कावळा झाडावरून हलला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला." मग कप खाली ठेवून ते म्हणाले, "हे कुठं बोलू नकोस. वर्ग बंद करतील आणि म्हणतील मास्तरांनीच भुताच्या गोष्टी पसरवल्या."

६ जुलै

लिहिताना अक्षर बिघडते आहे. पुन्हा नीट लिहून काढीन.

दुपारच्या सुट्टीत मुले भाकरीची फडकी घेऊन गावात उतरली. मी भिंतींच्या आडून मागे गेलो. एका घराच्या मधोमध जमिनीत फरशीचा मोठा दगड आहे. पूर्वी लोक धान्य साठवायला जमिनीत खोल पेव खणत आणि तोंडावर असा दगड ठेवत. तो दगड किंचित सरकलेला होता. सगळी मुले त्याच्याभोवती पोटावर झोपली होती, गाल जमिनीला लावून. ऊन मी म्हणत होते. कोणी हलत नव्हते.

आणि जमिनीतून आवाज आला.

"पाभर."

"पाभर," मुले म्हणाली.

"पाभरीनं प्येरत्यात. पुन्हा म्हना."

मग सायम्मा जमिनीला तोंड लावून तेलुगूत काहीतरी म्हणाली, आणि खालून तोच शब्द परत आला, अडखळत, जसा विहिरीतून येतो तसा. मुले हसली.

मी पळालो. एक वहाण तिथेच राहिली. सुट्टी संपल्यावर सायम्माने ती आणून माझ्या टेबलाखाली ठेवली आणि जागेवर जाऊन बसली.

७ जुलै

वर्गात पाढे घेतले. दुसरे काही बोलता आले नाही.

१५ जुलै

खरे काय ते इथे तरी लिहावे. मुलांना तिकडे जाऊ देऊ नये, हे मला कळते. त्यांच्या आईबापांनी ती माझ्या हवाली केली आहेत. पण मुले आता भांडतात मराठीत, खोटे बोलतात मराठीत, एकमेकांना चिडवतात मराठीत. परवा एकाने मला विचारले, "गुरुजी, तुमी लगीन कवा करनार? का कुनी देईना?" मी वरवर रागावलो, आतून आनंदलो.

मी महिनाभर कमळ शिकवले, आणि जमिनीखालून कोणीतरी त्यांची तोंडे उघडली.

म्हणून मी त्यांना अडवत नाही. सुट्टी झाली की मी वर्गातच बसून राहतो आणि गावाकडची खिडकी लावून घेतो. परीक्षा होईपर्यंत. मग बंद करीन. मारुतीच्या मूर्तीपुढे हात जोडून तसे कबूल केले आहे.

२४ जुलै

इथे महिनाभर थेंब नाही. आभाळ भांड्यासारखे घासून ठेवलेले. पण वर घाटात पाऊस आहे, आणि धरणाची दारे यंदा पहिल्यांदाच बंद केली आहेत. कोरड्या उन्हात पाणी चढते आहे. सकाळी येताना जो बाभळीचा बुंधा मोकळा असतो तो संध्याकाळी जाताना पाण्यात असतो. आवाज होत नाही. नदीकाठची जुनी स्मशानभूमी गेली.

नरसम्मा वाटेत भेटली. म्हणाली, "सायम्मा दोन भाकर नेतो. शाळेत भूक जास्त लागतो?"

मी धीर करून तिला म्हणालो, "मुलं त्या पडक्या घरांत जातात. तिथं कोणी नाही ना?"

"हो," ती म्हणाली.

मला हायसे वाटले.

२ ऑगस्ट, सोमवार

परीक्षा झाली. वर्ग राहिला!

विस्तार अधिकारी साहेब जीपमधून उतरले तेव्हा त्यांचा चेहरा कंटाळलेला होता. त्यांनी सायम्माला विचारले, "बाळ, तुझं गाव कोणतं?"

"बोरखळी."

"आणि तुम्ही काय करता इथं?"

"आमी ऱ्हातो. पानी येतंय म्हनून लोकं गेली, आमी न्हाई गेलो. आपलं घर सोडून जायचं का? आयकतूस न्हवं?"

साहेब एवढे हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. राधाकृष्ण मास्तर हसले नाहीत.

"एवढं अस्सल मराठी शिकवलं कोणी?"

"आज्जीनं."

"वा! म्हणजे घरातली म्हातारी माणसंसुद्धा शिकायला लागली." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "कुटुंबापर्यंत पोचलात तुम्ही. हेच पाहिजे होतं परिषदेला." मी खाली पाहिले. गप्प राहणे हे खोटे बोलणे होते का, ते ठरवता येत नाही.

जाताना ते म्हणाले की या आठवड्यात पाणी गावात शिरेल. शाळा वर माळावरच्या शेडमध्ये हलवा. मला वाटले, बरे झाले. मी अडवायची गरजच उरली नाही. पाणी आले की जे काही आहे तेही शांत होईल.

५ ऑगस्ट

फळा आणि बाके वर नेली. मुले आली नाहीत, खाली गावातच घुटमळत होती. सायम्मा एकटी वर आली.

"गुरुजी, गोळी द्या. आज्जीला ताप हाय. खोकती. खाली वल आली, बसाया जागा न्हाई."

मी तिला म्हणालो, तिकडे आता जायचे नाही. ती माझ्याकडे नुसती पाहत राहिली, पहिल्या दिवसासारखी, तोंड मिटून. मग गेली.

मेलेल्या माणसाला ताप येतो का, हे कोणाला विचारावे? मी संध्याकाळपर्यंत हाच विचार केला. भाकरी कोण खात होते, हाही.

६ ऑगस्ट

शाळा सुटल्यावर नव्या बोरखळीत आसारामकडे गेलो. चाळिशीचा, सावकाश बोलणारा माणूस. बैलांना पाणी पाजत होता. मी विचारले, "तुमच्या आईचं दहन कुठं केलं?"

"घाटावर. का वं?"

"चेहरा पाहिला होता तुम्ही?"

तो बराच वेळ बैलाची मान खाजवत राहिला. "त्वांड कुठलं, गुरुजी. पळसाची पानं हुती."

मग त्याने सांगितले. गाव उठायच्या दिवशी सामान ट्रकमध्ये चढले आणि म्हातारी दिसेना. तिला यायचेच नव्हते. सगळीकडे शोधले. विहिरीच्या कडेला तिचे लुगडे सापडले. गळ टाकले, काही लागले नाही. मग भटजींनी सांगितले की देह मिळत नसेल तर पळसाच्या पानांचा माणूस करून जाळायचा. "तसं केलं. पानाला पान जोडून हात केलं, पाय केलं. मीच भडाग्नी दिला."

मी सगळे सांगितले. पेव, आवाज, भाकरी, ताप. त्याचा चेहरा पांढरा झाला, पण तो उठला नाही.

"असंल," तो म्हणाला. "पर ती आता माझी आई न्हवं. जाळल्यालं मानूस घरात घेत न्हाईत. दहावा झाला, तेरावा झाला. माझ्या घरात ल्हान ल्येकरं हायेत, गुरुजी."

"अहो, पण ती जिवंत आहे!"

"मग कावळा का शिवला न्हाई, त्ये कळलं," तो म्हणाला, आणि दुसऱ्या बैलाकडे गेला.

मी तसाच खाली निघालो. पाणी सुताराच्या घरापर्यंत आले होते आणि सांज झाली होती. पुढे जायचे धाडस झाले नाही. हे लिहिताना मला स्वतःची किळस येते.

७ ऑगस्ट, शनिवार

सकाळीच नरसम्माच्या झोपडीशी गेलो. जमिनीकडे बोट दाखवून, भाकरीची खूण करून, खोकून, सगळे सांगितले. वेड्या माणसाकडे पाहावे तशी ती माझ्याकडे पाहत होती.

"म्हातारी," ती म्हणाली. "माहीत. माझा भाकर खातो. ताप माहीत नाही. तू आज सांगतो?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्याला माहीत. भाकरीचा मी तुला मुद्दाम विचारला. तू विचारला नाही. तू विचारला, कोणी नाही ना." तिने नवऱ्याला हाक मारली. चार माणसे दोर आणि पहारी घेऊन निघाली, मागून मुले.

पाणी त्या घराच्या उंबऱ्याला लागले होते. दगड बाजूला केला. आत काळोख, आणि तळाशी पाण्याची चकाकी. मी गुडघ्यावर बसून हाक मारली, "राहीबाई! अहो राहीबाई, वर या!"

काही नाही. मग अगदी शांतपणे, खालून: "राहीबाईला जाळलं. हितं कोन न्हाई."

मी मागे वळलो तर भिंतीच्या खिंडारात आसाराम उभा होता. रात्रभर झोपला नसावा. मी त्याला म्हणालो, "तुम्ही हाक मारा. तुमच्या हाकेनं येतील." त्याचे ओठ हलले. पण आवाज निघाला नाही. त्याने दोनदा प्रयत्न केला. मग तोंडावर उपरणे धरून तो उभा राहिला.

"मी बघितलं माझं दहावं," खालून आवाज म्हणाला. "काटवनातनं बघितलं. रीतीनं झालं सगळं. आता हाका मारू नगा."

उंबऱ्यावरून पाण्याची एक बारीक रेघ आत आली आणि पेवाच्या तोंडाकडे निघाली. मी ती हाताने अडवू लागलो. माझे डोके चालेना. मला येणारे सगळे मराठी मी बोलून पाहिले. विनवले, रागावलो, सरकारचे नाव घेतले. ती त्यातल्या कशालाच बांधलेली नव्हती.

तेव्हा सायम्मा माझ्या बाजूने पोटावर झोपली आणि पेवात डोके घालून म्हणाली, "अव्वा. पैकि रा."

खाली पाणी हलले.

सगळी मुले आडवी झाली आणि म्हणू लागली. रा, अव्वा, रा. नरसम्माही खाली वाकून म्हणाली. ती मघापासून ओरडत होती, आता हळू बोलली, आपल्याच आईला जेवायला बोलवावे तशी. माझा आदेश खिशात होता. घरची भाषा बोलू द्यायची नाही.

"वस्तुन्ना," खालून आले.

मुले काय म्हणत होती ते मला नंतर कळले: आजी, वर ये. आणि या शब्दाचा अर्थ: येते.

दोर सोडला. ती वर आली तेव्हा लहान मुलाएवढी दिसली. अंगाला मातीचा लेप, केस पांढरे आणि ओले. उजेडात तिने डोळे मिटून घेतले. नरसम्माने आपल्या अंगावरची चादर तिच्याभोवती गुंडाळली आणि तिला पाठुंगळी घेतले. आसारामच्या जवळून जाताना म्हातारीने डोळे उघडले. त्याला पाहिले. अनोळखी माणसाला पाहावे तसे, मग नजर पुढे नेली.

सगळे चढावर गेल्यावर आसाराम माझ्याजवळ आला. माझा दंड धरून त्याने अगदी हळू विचारले, "गुरुजी, तिची सावली पडत हुती का? तुमी बघितलं?"

ऊन चांगले होते. मी पाहिले नव्हते.

१० ऑगस्ट, मंगळवार

ताप उतरला. ती नरसम्माकडेच राहते. आसारामने एक लुगडे आणि पायलीभर बाजरी पाठवली, कोणासाठी ते सांगितले नाही.

वर आल्यापासून ती मराठीचा एक शब्द बोलत नाही. राधाकृष्ण मास्तर काल मुद्दाम आले होते. चाळीस वर्षांची ओळख. "राहीबाई, मला ओळखलंत?" म्हणाले. तिने नरसम्माकडे पाहिले, हे काय म्हणतात असे. नरसम्माने तेलुगूत काही सांगितले, तेव्हा तिने हसून मास्तरांना हात जोडले. मास्तर चहा न घेताच गेले. मला म्हणाले, सोंग करत असेल. चढ उतरताना मात्र ते मागे वळून पाहत होते.

मुलांना आता मी घरची भाषा बोलू देतो. साहेब आले तर त्यांना काय सांगायचे ते अजून ठरवले नाही.

आज ती शाळेत आली. शेडच्या दाराशी, मुलांच्या शेवटच्या ओळीत बसली. सायम्माने तिला आपली पाटी दिली. सकाळचे ऊन दारातून सरळ आत येत होते. मुलांच्या सावल्या लांब होऊन माझ्या पायापर्यंत आल्या होत्या, एकीत एक मिसळून. मी मोजायला लागलो आणि थांबलो. फळ्याकडे वळून लिहिले, 'माझे घर'.

"माझे घर," मी म्हणालो.

"माझे घर," मुले म्हणाली.

ती सगळी थांबल्यावर मागून आणखी एक आवाज आला. म्हातारा, अडखळता, प्रत्येक अक्षर पहिल्यांदाच तोंडात घेत असल्यासारखा, आणि पालमूरच्या हेलात.

"मा-झे घ-र."

मी वळलो नाही. खडू तसाच धरून पुढचा शब्द लिहायला घेतला.